काठी हातातून हातात

 

आज आम्ही एका शर्यतीचा इतिहास सांगणार आहोत. शर्यत म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्या जणी लगेच म्हणतील, आमचं काय त्यात? पहाटे पाण्याला, मग शेतात, मग सरपणाला, आम्ही तर रोजच पळतो. खरं आहे. म्हणून आधी आपल्या डोंगरातलीच एक गोष्ट आठवू या.

पावसाळा आहे. वरच्या पाड्यावर एक बाई बाळंतपणात अडली आहे. गाडी तिथपर्यंत येत नाही. मग बांबूला गोधडी बांधून झोळी होते. चार जण ती खांद्यावर घेतात. चढ लागला की दुसरे चार जण पुढे येतात, खांदा बदलतो, झोळी खाली ठेवली जात नाही. नर्मदाकाठचं गाव असेल तर झोळी होडीत चढते. पलीकडे पुन्हा खांदे, मग डांबरी रस्ता, मग गाडी, मग मोलगीचा दवाखाना. थोडं पायी, थोडं पाण्यातून, थोडं चाकांवर. एकट्याने कुणालाच हे झेपलं नसतं. प्रत्येकाने आपला टप्पा नेला आणि पुढच्याच्या हाती दिला, म्हणून बाई पोहोचली.

शहरातली माणसं आज हौसेने, पैसे भरून एक शर्यत खेळतात. तीन जणांचा संघ असतो. एक पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा धावतो. तिला तिहेरी रिले म्हणतात. आपली झोळी ही हौस नाही, तो जीवाचा प्रश्न आहे, आणि रस्ता झाला तर ती कुणालाच नको आहे. पण दोन्हींची रीत एकच. म्हणून आम्हाला वाटलं की या रिलेचा इतिहास आपल्या बायांना माहीत असावा, कारण त्या इतिहासात बायांना जागा सहज मिळालेली नाही.

सुरुवात टपालापासून करू. पूर्वी रस्ते नव्हते, मोटारी नव्हत्या, तेव्हा पत्रं माणसाच्या पायाने जात. मराठ्यांच्या काळात जासूद आणि हरकारे होते. इंग्रजांच्या काळात टपालाचे धावते शिपाई होते. खांद्यावर थैली आणि हातात घुंगरू बांधलेली काठी किंवा भाला. घुंगरांच्या आवाजाने जनावर बाजूला होई आणि पुढच्या चौकीवरचा गडी उठून तयार राही. पहिला आपला टप्पा धावून थैली देई, दुसरा ती घेऊन निघे. थैली थांबत नसे, माणसं बदलत. रिले म्हणजे एवढंच. नंतर तिला मैदानात आणलं, थैलीच्या जागी छोटी पोकळ दांडी आली. ती वीतभरापेक्षा थोडी मोठी, म्हणजे २८ ते ३० सेंटीमीटर लांब असते, वजनाला ५० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. शंभर-शंभर मीटर धावणारे चार जण ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देतात.

या दांडीचे दोन नियम लक्षात ठेवा. पहिला नियम म्हणजे ती ठरलेल्या पट्ट्यातच द्यायची, आधी नाही आणि नंतरही नाही. दुसरा नियम म्हणजे दांडी पडली तर जिच्या हातून पडली तिनेच उचलायची. या दुसऱ्या नियमाकडे आम्ही शेवटी पुन्हा येणार आहोत.

आता बायांचं काय झालं ते ऐका. जगातली सगळ्यांत मोठी क्रीडास्पर्धा म्हणजे ऑलिंपिक. आजच्या काळातलं पहिलं ऑलिंपिक १८९६ साली अथेन्सला झालं. त्यात एकही बाई नव्हती. पुढे टेनिससारख्या काही खेळांत बायांना घेतलं, पण धावण्यासाठी मैदान उघडायला १९२८ साल उजाडलं. त्या वर्षी ॲमस्टरडॅमला बायांसाठी मैदानी खेळांचे पाच प्रकार ठेवले आणि त्यात चौघींची रिलेही होती. ती कॅनडाच्या मुलींनी जिंकली.

पण त्याच ठिकाणी ८०० मीटरची शर्यत झाली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीची लीना राडके पहिली आली. जोरात धावल्यावर कुणीही दमतं, श्वास घ्यायला खाली बसतं. पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बाया कोसळल्या, हे अंतर बाईच्या शरीराला झेपणारं नाही. झालं! ती शर्यत बायांसाठी बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. म्हणजे दोन फेऱ्यांच्या धावेसाठी ३२ वर्षं थांबावं लागलं. मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरची धाव, बायांना ऑलिंपिकमध्ये १९८४ साली मिळाली.

आपल्या डोंगरातल्या बाईने हे ऐकलं असतं तर ती हसली असती. डोक्यावर हंडा, काखेत पोर, समोर घाट, आणि शहाणी माणसं सांगतात की बाईला ८०० मीटर झेपत नाही! पण हसून भागत नाही. नियम लिहिणाऱ्यांनी तो हंडा कधी पाहिलाच नव्हता. जिची मेहनत कुणी पाहत नाही, तिची ताकदही कुणी मोजत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात भारताच्या मुलींनी चार गुणिले शंभर मीटर रिलेत रौप्यपदक मिळवलं. त्या संघात मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसूझा होती. २०० मीटरमध्ये तिने कांस्यपदकही मिळवलं. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकला भारताच्या चार मुली गेल्या. मेरी डिसूझा आणि नीलिमा घोष धावायला, डॉली नाझीर आणि आरती साहा पोहायला. मेरीची निवड झाली, पण जाण्यायेण्याच्या खर्चाचं काय? सगळा पैसा सरकारकडून मिळाला नाही. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ओळखीच्यांनी पैसा जमवला तेव्हा ती बोटीला नव्हे, विमानाला नव्हे, आधी लोकांच्या खांद्यावर चढली असं म्हणायला हरकत नाही. आपल्या बचत गटातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. थेंबाथेंबाने जमवलेला पैसा किती लांब पोहोचवतो ते आपण जाणतो.

आणि मग १९५४ साल. फिलिपाइन्स देशात मनिलाला दुसऱ्या आशियाई स्पर्धा झाल्या. रिलेच्या पट्ट्यावर चौघी होत्या. ख्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा. चौघींनी मिळून भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तीन वर्षांपूर्वीचं रौप्य आता सोनं झालं होतं. स्टेफीला १९६३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मेरीला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली. मनिलाच्या सोन्यानंतर ५९ वर्षांनी! तोवर त्या चौघींची नावं किती जणांना आठवत होती? आज या कार्यक्रमात ती नावं आम्ही मुद्दाम सावकाश वाचली. पोरींनो, वहीत लिहून ठेवा.

आता कुणी म्हणेल, त्या शहरातल्या, मैदान आणि रेल्वे जवळ असलेल्या. पाड्यावरच्या मुलीचं काय? तर ऐका. नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत सुरुवातीला अनवाणी धावली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्य आणि ५ हजार मीटरमध्ये कांस्य. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. लोकांनी तिचं नाव ठेवलं सावरपाडा एक्सप्रेस. ज्या पाड्याचं नाव जिल्ह्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, ते एका मुलीच्या पायांनी देशभर नेलं.

कविता एकटी धावली. पण ती पळत असताना तिच्या घरचं पाणी कुणी भरलं असेल, धाकट्यांना कुणी सांभाळलं असेल? कुठलीही मुलगी मैदानावर दिसते तेव्हा तिच्यामागे कुणीतरी आपला टप्पा पूर्ण केलेला असतो. तो कुठे लिहिला जात नाही एवढंच.

आता तिहेरी शर्यतीकडे वळू. पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ही रीत अगदी नवी आहे. अमेरिकेत सॅन दिएगो गावी २५ सप्टेंबर १९७४ ला अशी शर्यत झाली. खेळणारे हौशी लोक होते, दिवसा नोकरी करणारे आणि संध्याकाळी सराव करणारे. मग १९७८ साली हवाई बेटांवर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवराबायकोने एक फार लांब शर्यत सुरू केली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२ किलोमीटर धाव. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, सगळे पुरुष. दुसऱ्या वर्षी लिन लमेअर नावाची एक बाई उतरली आणि सगळ्यांमध्ये पाचवी आली. बाईला ८०० मीटर झेपत नाही असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर काय असणार!

एकट्याने एवढं करणं कुणालाही जड जातं. म्हणून संघ करून टप्पे वाटून घ्यायची सोय आली. हौशी शर्यतीत पोहणारा पाण्याबाहेर येतो, पायाला बांधलेला वेळ मोजायचा पट्टा सोडतो आणि सायकलवाल्याच्या पायात बांधतो. सायकलवाला आला की तोच पट्टा धावणाऱ्याच्या पायात. दांडीचं काम पट्टा करतो. गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून एक मोठी तिहेरी शर्यत भरू लागली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१ किलोमीटर धाव. तिथे संघ करूनही उतरता येतं. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, पहिल्यांदा मिश्र तिहेरी रिले झाली. एका संघात दोन बाया, दोन पुरुष. प्रत्येकाने ३०० मीटर पोहायचं, ६.८ किलोमीटर सायकल चालवायची, २ किलोमीटर धावायचं आणि पुढच्याच्या हाताला हात लावायचा. सुरुवात बाईने करायची होती. अंतर बाईला तेवढंच, पुरुषाला तेवढंच. १९२८ ची ती गोष्ट आठवा आणि हे बघा.

आपल्या शेजारच्या नाशिकचंही एक उदाहरण आहे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे दोघे डॉक्टर भाऊ. २०१५ साली त्यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, आळीपाळीने सायकल चालवली. एक चालवी तेव्हा दुसरा गाडीत विसावा घेई. नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत ते पोहोचले. दोघेही खेळावर पोट भरणारे नव्हते. दवाखाना सांभाळून सराव करणारे होते.

पण बायांनो, आम्हाला विचाराल तर या सगळ्यांत मोठी शर्यत आपल्याच नर्मदाकाठी झाली. सरदार सरोवराचं पाणी आलं आणि महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात सापडली. काही पाडे असे राहिले की होडीशिवाय वाट नाही. २०२० साली करोनाच्या भीतीने बाया पोरांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमारी करणाऱ्याकडून होडी मागून घेतली. अलिगाट आणि दादरच्या बाळांचं वजन घ्यायला, गरोदर बायांची चौकशी करायला, खाऊची पाकिटं द्यायला त्या निघाल्या. रोजचं १८ किलोमीटर वल्हवणं, आठवड्यातून पाच दिवस, वर चढण वेगळीच. कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी घड्याळ लावलं नाही. नंतर वर्तमानपत्रांत छापून आलं, तेव्हा जगाला कळलं. त्यांच्या हातात दांडी नव्हती, आहाराची पिशवी होती. पण टप्पा तोच, पोहोचवायचं ते पोहोचवायचं.

हे सगळं वाचून, ऐकून आमच्या गटालाही एकदा उत्साह आला. आठ मार्चला आपणही तिहेरी रिले घेऊ असं ठरलं. पोहणं आम्ही काढून टाकलं. आमच्यातल्या फार थोड्यांना पोहता येतं, आणि पाण्याशी खेळ नको. त्याऐवजी चालणं घातलं. म्हणजे आजीने एक किलोमीटर भरभर चालायचं, सुनेने चार किलोमीटर सायकल चालवायची, आणि शाळेतल्या मुलीने दोन किलोमीटर धावायचं. एका संघात तीन पिढ्या. दांडी म्हणून वीतभर बांबू कापला. सायकली मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेत मिळालेल्या, त्याच वापरल्या.

सहा आठवडे सराव केला. तुम्हाला करायचा असेल तर असा करा. पहिला आठवडा नुसतं चालायचं. मग शंभर पावलं धावायचं, दोनशे पावलं चालायचं, पुन्हा शंभर धावायचं. वेग इतकाच ठेवायचा की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर वेग जास्त झाला समजा. आठवड्यातून दोन दिवस विसावा. उन्हाच्या आधी उरकायचं, पाणी प्यायचं, सकाळी काहीतरी खाऊनच निघायचं. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सरावाआधी मोलगीच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिनही बघा. सिकलसेल असलेल्या अंगाला पाणी कमी पडलं आणि श्रम जास्त झाले तर त्रास वाढतो. डॉक्टर हो म्हणतील तेवढंच करा. आमच्या दोघी तपासणीनंतर धावायच्या थांबल्या आणि वेळ मोजायला बसल्या. तोही संघातलाच टप्पा.

सगळ्यांत जास्त सराव आम्ही काठी द्यायचा केला. देणारीने लांबूनच हाक मारायची. घेणारीने मागे न बघता हात मागे करायचा आणि पुढे चालू लागायचं. सांगायला सोपं, करायला अवघड. मागे न बघता हात पुढे करायचा म्हणजे मागच्या बाईवर पूर्ण विश्वास लागतो. सासूसुनेच्या एका जोडीला हे जमायला तीन आठवडे लागले. सून सारखी वळून बघायची. सासू म्हणाली, "अगं, देते म्हटलं ना, देते!" सगळ्या हसलो. त्यानंतर जमलं.

त्या दिवशी सगळ्यांत वेगाने धावली ती दहावीतली एक मुलगी. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. घाटाच्या वळणावर तिने दोघींना मागे टाकलं. तिची आजी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती. तिने कधी पोरीला असं पाहिलं नव्हतं. शिक्षकांनी सांगितलं, हिला तालुक्याला, जिल्ह्याला नेऊ.

दुसऱ्या वर्षी ती आली नाही. पावसाळ्याआधीच तिचं लग्न झालं होतं. अठरा पूर्ण व्हायला वेळ होता. आणि बायांनो, खरं सांगायचं तर ते आम्हाला ठाऊक होतं. गटातल्या आम्ही सगळ्या त्या लग्नाला गेलो. जेवलो, नाचलो, आहेर दिला, परत आलो. एकीनेही तिच्या आईबापाशी बसून विचारलं नाही की एवढी घाई कशाला. आपल्याला काय करायचंय, लोकांच्या घरचा प्रश्न, असं म्हणून गप्प राहिलो.

आता तो दुसरा नियम आठवा. दांडी जिच्या हातून पडली तिनेच उचलायची. त्या मुलीच्या हातून काही पडलं नव्हतं. तिने तर हात पुढे केला होता. पडली ती आमच्या हातून.

म्हणून त्या वर्षापासून आम्ही एक रीत केली. शर्यत मार्चमध्ये असते, पण काम दिवाळीनंतर सुरू होतं. नववी-दहावीतल्या मुलींची यादी करतो. दोघी-दोघी जाऊन त्यांच्या घरी बसतो. चहा पितो, शेताचं, मोहाचं, भगरीचं बोलतो आणि मग मुलीचं बोलतो. शिकतेय का, शाळेत जाते का, बोलणी चालू आहेत का. कुणी रागावतं, कुणी दार लावतं, कुणी ऐकतं. सगळ्या घरांत यश आलं असं आम्ही म्हणणार नाही. पण तीन घरांत लग्न पुढे ढकललं गेलं, आणि त्यातल्या दोघी यंदा सरावाला आहेत.

ती पहिली मुलगीही मध्ये भेटली, मोलगीच्या बाजारात. कडेवर बाळ होतं. आम्ही मान खाली घातली. तीच म्हणाली, "मावशी, यंदा कधी आहे? मला चालायचा टप्पा द्याल का?"

तो टप्पा आम्ही तिच्यासाठी ठेवला आहे. बाळाला सांभाळायला तिची आजी तयार आहे.

तुमच्या गावात, तुमच्या गटात काय चाललंय ते आम्हाला कळवा. वीतभर बांबू कुठल्याही कुंपणात मिळेल. जोहार.